निळ्यावर एक जण

कॅम्प नंबर दोन, बोगद्याची साईट
अरुणाचल
२५ ऑगस्ट २०२४

विन्या,

हसू नकोस. शाळेत निबंधाच्या तासाला मी गेटच्या बाहेर असायचो ते तुला माहितीये, आणि आता बसून पत्र लिहितोय. इलाज नाही. इथला टॉवर जूनमध्ये दरडीखाली गेला, तेव्हापासून फोन म्हणजे नुसती बॅटरी, अंधारात संडासला जायला. ऑफिसात एक सॅटेलाईट फोन आहे, पण तो कोणी मेलं तरच देतात, आणि मेलेला काय बोलणार. सोमवारी रेशनचा ट्रक खाली जातो, तोच टपाल नेतो.

काम ठीक आहे. बोगद्यात सुरुंग लावला की धूर होतो, तो बाहेर काढायचा आणि आत हवा सोडायची. तोंडाशी दोन माणसं उभी राहतील एवढा पंखा आणि त्याला जोडलेली अर्ध्या किलोमीटरची पिवळी नळी. बिहारची पोरं म्हणतात कान फुटतात. मी नळीवर हात ठेवून उभा राहतो. आपल्या बॉक्सचा जो एकदम खालचा बेस होता ना, छातीत येणारा, त्याच्या जरा वरच हा पंखा बोलतो. दोन वर्षं झाली, तेवढ्यावरच चाललंय.

रात्री जेवताना मी त्यांना पाताळ सांगतो. सांगतो, ठाण्याला घोडबंदर रोडला प्लायवूडच्या शोरूमखाली तळघर आहे, सुधीरशेठचं. तिथे रविवारी दुपारी तीन ते आठ आपला क्लब, नाव पाताळ. ते विचारतात, क्लब दुपारी? मी सांगतो, कल्याण-डोंबिवलीच्या पोरींना दिवेलागणीला घरात पाहिजे रे बाबा, क्लासच्या नावाने आलेल्या असायच्या. विनीत कन्सोलवर, मी साउंडला. टेक्नो, बिगरशब्दाचं. कोणी फर्माईश नाही करायची, कोणाचा बर्थडे नाही. आणि स्पीकरचे चार बॉक्स मी स्वतः बनवलेले, वरच्याच शोरूमच्या प्लायने, तिथेच खाली बसून. एवढे मोठे की दारातून बाहेर निघत नाहीत. हे ऐकून ते हसतात. आठवी नापास माणसाने मोजमाप केल्यावर असंच होणार म्हणतात.

आता मुद्दा. माझं इथलं डिसेंबरला संपतंय. कंपनीला पुढचा बोगदा मिळालाय, अजून वर, चीनच्या अंगाला. तीस नोव्हेंबरला दोन वर्षांची सही घेणार. मला सही करायची नाही. पण नुसतं दिव्याला घरी येऊन एक दिवसाआड पाण्याचे हंडे भरत बसायला पण यायचं नाही. तू एक ओळ लिही, रविवार चालू आहे. मी जानेवारीत तुझ्यासमोर उभा.

संदेश


डोंबिवली पूर्व
१५ ऑक्टोबर २०२४

संद्या,

तुझं पत्र पोस्टमनने रुचिताच्या हातात दिलं. तिला वाटलं कोर्टाचं आलं! अक्षर बघितलं आणि म्हणाली, हे कोंबडीचे पाय एकाच माणसाचे. गणपती, मग नवरात्र, सगळं अंगावर आलेलं, म्हणून उशीर झाला. शिव्या घालू नकोस.

रविवार चालू आहे. झाली तुझी एक ओळ.

गर्दी असते. कधी कमी, कधी जास्त. पोरं आता वेगळी आलीत, आपल्या वेळची नाहीत, पण येतात. परवा तर जागा नव्हती उभं राहायला. सुधीरशेठने एसी पण नवीन लावलाय. तुझी आठवण सगळे काढतात, म्हणजे जे जुने आहेत ते.

खंडेनवमीला तुझ्या बॉक्सची पूजा केली. झेंडू घातला, नारळ फोडला आणि तुझा नियम पाळला, त्या दिवशी हत्याराला आराम, एक आवाज नाही काढला. फोटोची मुद्दाम कॉपी काढून पाठवतोय, कॅम्पात लाव भिंतीला आणि त्या बिहारवाल्यांना दाखव.

रुचिताला दुसरा महिना आहे. कोणाला सांगितलं नाही अजून, तुला सांगितलं. तुझ्या साईटवरून तसं पण कुठे बातमी बाहेर जाते.

सहीचं घाई करू नकोस. महिना आहे अजून.

विनीत


कॅम्प नंबर दोन
२ नोव्हेंबर २०२४

विन्या,

पहिल्यांदा बाप होणार त्याबद्दल खूप आनंद. खरंच. रुचिताला सांग, पोराचं अक्षर माझ्यावर नको जायला.

आता फोटोचं. आज पाडवा, सुट्टी, म्हणून निवांत बघितला. भिंतीला लावला नाही.

पूजेची हळद बोटाच्या टोकाने लावतात, टिकली एवढी. तुझ्या फोटोत उजवीकडच्या बॉक्सच्या बाजूला अख्खा पंजा उमटलाय, पिवळा. पाच बोटं. आणि खाली अजून एक, लहान, पोराचा असेल. ही लग्नाची हळद आहे, विन्या. अंगाला हळद फासून नाचणारा माणूस तोल जाऊन बॉक्सला टेकतो, तेव्हाच असा पंजा उठतो. मी दिव्याचा आहे रे. गावच्या हळदींत मी पंधरा वर्षं वायरी उचलल्यात.

दुसरं, मागे निळी ताडपत्री आहे. पाताळात ताडपत्री कुठून आली, तिकडे पाऊस पडतो का?

तिसरं मला लिहायला पण जड जातंय. बॉक्सच्या मधोमध लोखंडी पट्टी आहे. चारही बॉक्सना. त्यावर तू झेंडूचा हार बरोबर घातलायस, पण हार वाऱ्याने सरकलाय. बॉक्स दारातून निघत नव्हते. म्हणजे कापलेस. करवतीने मधून कापलेस, बाहेर काढलेस आणि पट्टी मारून जोडलेस. त्यात आता काय बेस राहिला असेल? आतली हवा मोजून बांधलेले ते. पेटीच फुटल्यावर काय वाजणार, नुसतं धडधडणार.

मला राग बॉक्सचा नाही. खोटं बोलणार नाही, बॉक्सचा पण आहे. पण तू मला फोटो पाठवलास. मला, बॉक्सचा फोटो! सोनाराला खोटी अंगठी दाखवल्यासारखं. तू मला विसरलास, नाहीतर तुला स्वतःलाच ते दिसायचं बंद झालंय.

तीस तारखेला सही आहे. खरं काय ते लिही. जेवढं आहे तेवढं लिही.

संदेश


डोंबिवली पूर्व
१४ नोव्हेंबर २०२४

संद्या,

मला ते दिसत नव्हतं. ताडपत्री पण नाही, पंजा पण नाही. फोटो काढताना मी हाराकडेच बघत होतो. तुझं पत्र वाचून परत बघितला तेव्हा दिसलं.

सगळं लिहितो.

तू गेलास त्यानंतर सहा महिने बरं चाललेलं. मग मागे टॉवर उभा राहिला, बत्तीस मजल्यांचा. त्यातल्या लोकांच्या भांड्याच्या कपाटातल्या काचा हलायच्या म्हणे. खरंच हलत असतील, तुझा बेस तसाच होता. एक काका यायचे, त्र्यंबक नाव, रिटायर्ड प्रोफेसर. कधी ओरडले नाहीत. हातात आवाज मोजायचं मशीन घेऊन यायचे आणि म्हणायचे, "बाळ, माझी तक्रार संगीताविरुद्ध नाही, माझ्या पत्नीचं हृदय कमकुवत आहे." अशा माणसाशी भांडायचं कसं, सांग. आवाज कमी केला. आवाज कमी झाल्यावर जुनी पोरं कमी झाली. मग सुधीरशेठ म्हणाला, रिकामं तळघर मला परवडत नाही, वाढदिवस घे. वाढदिवस आल्यावर फर्माईश आली. माझ्या तोंडासमोर फोन धरून उभे राहायचे, दादा हे लावा ना, फक्त एकच. मी एकदा नाही म्हटलं तर एकाने केकवरची सुरी कन्सोलवर ठेवली. हसत हसतच ठेवली.

आपल्या बाजूला आता कोणीच राहिलं नाहीये. कल्याणचा क्लब बँक्वेट झाला, तिथे डोहाळजेवणं होतात. डोंबिवलीतला जिमवाल्याने घेतला. जे पोरगे आपल्याकडे शिकले ते गरब्याला वाजवतात, दोघं रीलवाले झाले, एक विमा विकतो. मी टेक्नो म्हटलं तर पोरं विचारतात, मोबाईलची कंपनी का?

जूनपासून सुधीरशेठने हेडफोनची पार्टी सुरू केली. म्हणून तुला लिहिलं की रविवार चालू आहे. खोटं नव्हतं ते. दारात प्रत्येकाला हेडफोन देतात, त्याला तीन चॅनेल. हिरवा म्हणजे हिंदी आणि हळदीची गाणी. लाल पंजाबी. निळा माझा. ज्या चॅनेलवर असशील त्या रंगाचा दिवा कानावर पेटतो. टॉवरवाले खूश, त्र्यंबककाका एकदा स्वतः येऊन गेले, लालवर होते. तळघरात काहीच आवाज नसतो, संद्या. चपला घासल्याचा येतो फक्त. मी वरून बघतो, हिरवंच हिरवं. निळे दोन, तीन. कधी मित्राला दाखवायला कोणीतरी निळा करतो, तोंड वाकडं करतो आणि परत हिरवा.

स्पीकर लागत नाहीत म्हणून सुधीरशेठ बॉक्स भंगारात टाकणार होता. ओलीमुळे खालून फुगत पण चाललेले. मी महिपतला बोलावलं, तोच रे, दातिवलीचा, टेम्पोवाला. तो म्हणाला, हळदीला चालतील, पण दारातून काढू कसे? करवत मी धरली होती. दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. पूजा पण महिपतच्याच दारात केली, ताडपत्रीखाली. एवढंच सांगायचं होतं.

तुला खोटं का लिहिलं? तू तिकडे बसून पाताळ सांगतोस, लोक ऐकतात, हे वाचलं. वाटलं, कुठेतरी तरी चालू आहे. ते पण मी बंद करू का?

सहीचं मला विचारू नकोस.

विनीत


डोंबिवली पूर्व
२० जानेवारी २०२५

संद्या,

दोन महिने झाले, तुझं काही नाही. सही केलीस असं धरून त्याच पत्त्यावर टाकतोय. दिव्याला तुझ्या घरी जाऊन विचारणार होतो, पण तोंड दाखवायला धीर झाला नाही. तुझी आई बॉक्सचं विचारेल, तिच्या पैठणीचं खोकं तू बॉक्सच्या मापाला नेलेलंस.

पण आज लिहितोय ते रडगाणं नाही. ऐक.

रुचिताला आता पाचवा लागलाय. तिचा भाऊ देवराम भिवंडीला गोडाऊनमध्ये आहे, त्याने माझ्यासाठी शब्द टाकला, सुपरवायझरची जागा. पगार बरा, दवाखान्याचं कार्ड मिळतं. फक्त सुट्टी मंगळवारी, रविवारी ड्युटी. आणि सुधीरशेठने पण सांगून ठेवलेलं, फेब्रुवारीपासून दोनच चॅनेल ठेवतो, निळ्याचं भाडं कशाला भरू. म्हणजे दोन्हीकडून सारखंच. मी देवरामला हो म्हणणार होतो. बारा तारखेचा रविवार शेवटचा धरून गेलेलो.

त्या दिवशी तीनला सुरू केलं. चारपर्यंत एक पण निळा नाही. मी आपला वाजवतोय, भिंतीसाठी. चारच्या पुढे एक निळा दिवा लागला, मागे खांबाजवळ. मला वाटलं, आता जाईल. गेला नाही. एक ट्रॅक, दुसरा, तिसरा. त्याला कळत होतं, संद्या! कुठे चढणार, कुठे सुटणार, ते त्याला आधी कळत होतं, मान तशी हलायची. मग मी आपली जुनी लाईन लावली, दुसऱ्या वर्षीची. अख्खा सेट त्या एका माणसासाठी वाजवला. मधे दहा मिनिटं तो हिरवा झालेला, मी घड्याळ बघितलं. वाटलं, गेला हा पण. पण परत निळा झाला. चुकून बटण दाबलं गेलं असणार. परत आला ना पण! आणि शेवटपर्यंत थांबला. मी हात वर केला, त्याने पण केला. पुढे हिरव्यांची गर्दी, दाढी आणि टोपी तेवढी दिसली. मी खाली उतरेपर्यंत हेडफोन परत देऊन गेला होता. काउंटरच्या पोरीने नाव बघून सांगितलं, महिपत कोणीतरी. आपला महिपत नव्हे, त्याला टेक्नोने डोकं दुखतं.

सुधीरशेठला मी सांगितलं, असा एक आहे म्हणजे अजून दहा असतील, त्यांना पत्ता नाही एवढंच. हातापाया पडून मार्चपर्यंत निळा ठेवायला लावलाय. आणि देवरामला नाही म्हणून सांगितलं. रुचिता तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "एका माणसासाठी?" मी म्हटलं, हो. देवराम म्हणतो, जागा फेब्रुवारीअखेर धरून ठेवतो, बहिणीसाठी, नंतर माझ्या हातात नाही. मी त्याला परत नाहीच म्हणणार आहे.

तू असतास तर तुला कळलं असतं मी काय म्हणतोय.

विनीत


कॅम्प नंबर पाच
९ फेब्रुवारी २०२५

विन्या,

तुझं पत्र जुन्या कॅम्पवरून फिरून काल हातात आलं. आज ट्रक नाही, तर एक जण आजारी म्हणून खाली चाललाय, त्याच्याकडे देतोय. स्पीड पोस्ट करायला सांगितलंय. वेळेत पोचू दे.

तो मी होतो.

सही केली मी तीस तारखेला. तुझं पत्र चार दिवस आधी आलेलं, चार दिवस खिशात घेऊन फिरलो आणि केली. सही करणाऱ्यांना जानेवारीत वीस दिवस रजा दिली. घरी आलेलो. तुला कळवलं नाही, कारण बोललो असतो तर भांडलो असतो, आणि भांडायचं नव्हतं. बघायचं होतं.

बाराला दुपारी दिव्यावरून निघालो, ठाण्याला उतरून खोपटपर्यंत चालत गेलो, तिथे डेपोसमोर बसलो तासभर. परत फिरणार होतो. मग आलो. काउंटरला महिपत नाव तोंडात आलं ते दिलं. दाढी छातीपर्यंत आलीये, अंगावरचं निम्मं मांस बोगद्यात गेलंय, तू ओळखलं नाहीस त्यात तुझी चूक नाही. तू हात केलास तेव्हा एक क्षण वाटलं ओळखलं. मग कळलं, गिऱ्हाईकाला करतोस तसा केलास. मी पण केला.

तू म्हणतोस त्याला आधी कळत होतं. कळणारच. तो सेट मी तुझ्याबरोबर दोनशे रविवार ऐकलाय. तू एका माणसासाठी वाजवलंस तो माणूस बाहेरचा नव्हता. त्याच्यामागे दहा जण नाहीत. त्याच्यामागे कोणीच नाही, विन्या. तुझ्याकडे नवीन कोणी आलं नव्हतं त्या दिवशी.

हे पत्र मिळेल त्या दिवशी देवरामकडे जा. फोन नको, जा. म्हण, डोकं फिरलेलं, आता ठिकाणावर आहे. त्याच्या पाया पडायला लागलं तर पड, बायकोचा भाऊ आहे, त्यात कमीपणा नाही. रुचिताला सांग की तो माणूस कोण होता. तिला हसू येईल किंवा रडू येईल, पण ती बोलेल.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण तू घड्याळ बघितलंस म्हणून त्या दहा मिनिटांचं पण लिहितो, नाहीतर तो परत आला याच्याच जोरावर तू मार्चपर्यंत काढशील.

बटण चुकून नव्हतं दाबलं. हेडफोन जरा काढला तर कसल्या चपला, सगळं तळघर गात होतं. संगीत नाही, काही नाही, चाळीस माणसं बेसूर, हळदीचं गाणं. मला बघायचं होतं हे काय ऐकतायत. हिरवा केला. तेच गाणं, टेम्पोवर वाजतं तेच, ज्याला आपण नाकं मुरडायचो. बाजूला एक काकू होती, केसात गजरा, तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "असा काय उभा राहिलायस रे, खांबासारखा!" आणि मी नाचलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. घाम आला. सगळ्यांबरोबर ओरडलो पण.

मग तुझ्याकडे लक्ष गेलं. तू मान खाली घालून वाजवत होतास, आणि समोर एक पण निळा नव्हता.

परत निळा केला तो तुझ्यासाठी. गाण्यासाठी नाही.

संदेश